बटाट्याची साखर

सुमती मगदूम यांनी जिना चढण्याआधी फोन उलटा केला, पाठीवरच्या काळ्या गोल खिडकीवर अंगठा टेकवला आणि पाच सेकंद तसाच धरला. फोन हलकेच थरथरला. पडद्यावर हिरवं पान उमटलं आणि आकडा आला, एकशे अठरा. खाली ओळ होती, 'छान चाललंय, सुमती!' नवरा गेल्यापासून त्यांना नुसतं सुमती म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. बाकी सगळी सांगली त्यांना बाई म्हणायची.

चार वर्षांपूर्वी हे साखर-खिडकीचे फोन बाजारात आले आणि मधुमेह असलेल्यांचा दिवसच बदलला. खिडकीतून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडीतून आत जायचा, तिथल्या साखरेमुळे त्याचा थोडा भाग शोषला जायचा आणि उरलेला परत आला की फोन त्यावरून आकडा सांगायचा. बोट टोचायला नको, रक्ताचा थेंब नको. हळूहळू औषधाच्या दुकानांतून तपासपट्ट्या दिसेनाशा झाल्या. डॉक्टर फोनवरचा आलेख बघून औषध कमीजास्त करू लागले. सोमिरा हा या फोनमधला सगळ्यात पातळ आणि सगळ्यात महाग. एका चांगल्या मोटारसायकलीच्या किमतीचा. बाईंच्या एकुलत्या एका मुलानं, अभिनंदननं, दोन वर्षांपूर्वी तो टोरांटोहून पाठवला होता. त्याला रोजचा आकडा तिकडे आपोआप दिसायचा.

जिना चढून गेलं की वर तस्नीम मुजावरचं फोन दुरुस्तीचं दुकान होतं. वीस वर्षांपूर्वी ती बाईंच्या विज्ञानाच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. आता तिच्यासमोर सूक्ष्मदर्शक असायचा आणि सांगली-मिरजेतले बाकीचे दुरुस्तीवाले अवघड कामं तिच्याकडे पाठवायचे.

"बाई, तुम्ही कशाला चढून आलात? फोन केला असता तर मी आले असते की."

"फोनच तर दाखवायचाय." बाईंनी तो टेबलावर ठेवला. "कॅमेऱ्याची काच तडकलीय. पुण्याला कंपनीकडं पाठवायचा तर तीन आठवडे लागतात म्हणे. तेवढे दिवस साखर कशी बघू?"

तस्नीमनं फोन उजेडात धरला. "उघडला की कंपनी नंतर हात लावणार नाही हं याला."

"हमी संपून वर्ष झालं. उघड तू."

तिनं फोन तापत्या पाटीवर ठेवला, डिंक मऊ झाल्यावर पातळ पट्टी सरकवून पाठ अलगद सोडवली आणि काच बदलण्याआधी सवयीनं आतल्या भागांवर एक नजर फिरवली. मग तिचा हात थांबला. तिनं फोन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"काय झालं गं?"

"तुमचा आजचा आकडा किती होता?"

"एकशे अठरा. आत्ता खाली बघितला."

"बाई, जरा इकडं येऊन बघा."

भिंगाखाली साखर-खिडकीचा संवेदक दिसत होता. प्रकाश सोडणारा आणि परत आलेला प्रकाश मोजणारा, डाळीच्या दाण्याएवढा तुकडा. तो एका बारीक पट्टीनं फोनला जोडलेला होता. त्या जोडावर हिरवट पापुद्रा चढला होता आणि पट्टी एका बाजूनं पूर्ण सुटली होती.

"तांबं गंजलंय," बाई म्हणाल्या. डोळा भिंगाला लावल्याबरोबर त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. "पण तुटलेल्या जोडातून आकडा येईल कसा?"

"तेच म्हणतेय मी. कदाचित अधूनमधून टेकत असेल."

"कदाचित नको. काढून बघ."

तस्नीमनं चिमट्यानं संवेदक उचलला आणि बाटलीच्या झाकणात ठेवला. पाठ नुसती दाबून बसवली, फोन चालू केला. खिडकीमागे आता काहीच नव्हतं. बाईंनी अंगठा टेकवला. पाच सेकंद गेले, फोन थरथरला. एकशे एकवीस.

मग बाईंनी तस्नीमचा अंगठा धरून खिडकीवर ठेवला. एकशे एकोणीस.

"तुझीही असेल एकशे एकोणीस," बाई म्हणाल्या. "तू जेवलीयस. यानं काही सिद्ध होत नाही."

तस्नीमनं टेबलाखालच्या पिशवीतून घरी न्यायचा एक बटाटा काढला. बाईंच्या जैन घरात बटाटा शिजत नसे, पण प्रयोगाला त्यांनी आयुष्यभर तो वापरला होता. त्यांनी स्वतःच्या हातानं त्याची चकती कापली आणि ओली बाजू खिडकीवर टेकवली. खिडकीच्या कडेला स्पर्श ओळखणारी कडी होती. तिला ओलावा लागला की कोणीतरी बोट ठेवलंय असं वाटायचं. फोन थरथरला. हिरवं पान आलं.

'एकशे सतरा. छान चाललंय, सुमती!'

तस्नीमला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी डावी चप्पल काढली. "दोन महिने झाले, या पायात मुंग्या येतात. मला वाटलं, वय झालं."

करंगळीच्या बाजूला चपलेचा पट्टा घासून जखम झाली होती. तिच्या कडा काळपट पडल्या होत्या. तस्नीमनं खाली वाकून बघितलं आणि दुकानाचं शटर ओढून त्यांना थेट प्रयोगशाळेत नेलं.

रक्त तपासणाऱ्या माणसानं बाईंचा अहवाल दोनदा तपासला आणि तो स्वतःच घेऊन बाईंचे नेहमीचे डॉक्टर, डॉ. शेटे, यांच्याकडे गेला. साखर तीनशे अठरा होती. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा दुसरा आकडा त्याहून वाईट होता. डॉक्टरांनी दोन्ही कागद समोर ठेवले, मग बाईंचा फोन मागितला. आलेख वर्षभर सपाट होता.

"पाय कधीपासून असा आहे?"

"दुखत नव्हता, म्हणून लक्ष गेलं नाही."

"दुखत नाही याचीच काळजी आहे, बाई." डॉ. शेटे यांनी आलेखावर बोट ठेवलं. "फेब्रुवारीत मी तुमचं इन्सुलिन अठरा युनिटांवरून दहावर आणलं. याच आलेखावरून आणलं. रक्त तपासून या, असं मी एकदाही म्हटलं नाही."

बाईंनी त्यांना धीर दिला नाही. "मीसुद्धा एकदाही विचारलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

करंगळी काढावी लागली. पाय वाचला, पण तपासणीत डाव्या डोळ्याच्या पडद्यावर सापडलेल्या रक्ताच्या गाठी किती विरतील ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

बाई रुग्णालयात असताना तस्नीम गप्प बसली नव्हती. दुरुस्तीवाल्यांकडे असते तशी तपासणीची तार तिच्याकडे होती. ती जोडली की फोन आतली तांत्रिक नोंदवही उघडून दाखवायचा, जी वापरणाऱ्याला कधी दिसत नाही. तिसऱ्या दिवशी ती बाईंच्या खाटेशी येऊन बसली आणि कागद वाचू लागली. चौदा महिन्यांपूर्वीच्या एका तारखेपर्यंत रोज एकच ओळ होती, 'मापन: यशस्वी'. त्यानंतर रोज दुसरी ओळ होती, 'मापन: अनुपलब्ध. अंदाज: सुरू. नोंद मुख्यालयास पाठवली.'

"मुख्यालयास पाठवली म्हणजे?"

"म्हणजे तुमचा संवेदक ज्या दिवशी मेला त्याच दिवशी कंपनीला कळलं. फोननं स्वतः कळवलं त्यांना. फक्त तुम्हाला नाही."

बाईंनी बोटांवर महिने मोजले. "चौदा महिन्यांपूर्वी म्हणजे फोन येऊन दहा महिने झाले होते. हमी वर्षाची होती."

"हो. तेव्हा सांगितलं असतं तर फुकट बदलून द्यावा लागला असता."

तस्नीमनं कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडची बाई अतिशय गोड बोलत होती. तिनं सांगितलं, की हा बिघाड नाही, याला 'अंदाजपूरक मापन' म्हणतात. संवेदकाचा संकेत क्षीण झाला, तर फोन वापरणाऱ्याच्या आधीच्या नोंदी, वय, चालणं, झोप यांवरून आकडा पूर्ण करतो. ही सुविधा करारनाम्यात नमूद आहे आणि सुमतीताईंनी ती पहिल्याच दिवशी मान्य केलेली आहे.

"संकेत क्षीण नाही, संवेदकच नाही," तस्नीम म्हणाली. "तो माझ्याकडे बाटलीच्या झाकणात पडलाय."

पलीकडचा आवाज आधीपेक्षा गोड झाला. "ताई, आम्ही सुमतीताईंना नवा सोमिरा पाठवतो. अगदी विनामूल्य. आमचा माणूस उद्या सकाळी येऊन जुना फोन घेऊन जाईल. काढलेला भागसुद्धा द्या त्याच्याकडे."

"काढलेला भाग कशाला हवाय तुम्हाला?" खाटेवरून बाईंनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर त्या बाईकडे लिहिलेलं नसावं. ती वरिष्ठांशी बोलून कळवते म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस खरंच आला. नीटनेटका, हातात नवं खोकं घेऊन. बाईंनी त्याच्यासाठी चहा मागवला, खोकं परत दिलं आणि जुना फोन उशीखालून काढला नाही.

अभिनंदनचा व्हिडिओ कॉल त्याच संध्याकाळी आला. आईची करंगळी काढल्याचं त्याला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. त्याला कंपनीकडून संदेश गेला होता, की आपल्या आईच्या फोनमध्ये अनधिकृत व्यक्तीनं छेडछाड केली आहे.

"आई, इतका महाग फोन तू गल्लीतल्या दुकानात उघडायला दिलास? तो त्यांनीच बिघडवला असणार. मी रोज आकडा बघतो, सगळं व्यवस्थित होतं!"

बाईंनी त्याला चौदा महिन्यांची नोंदवही सांगितली आणि कॅमेरा पायाकडे फिरवला. पट्टी बांधलेल्या पायाकडे तो बघत राहिला. त्याच्या मागे बर्फानं भरलेली खिडकी होती आणि कोणीतरी त्याला हाका मारत होतं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मी रोज उठल्यावर आधी तो आकडा बघायचो," शेवटी तो म्हणाला. "तो हिरवा असला की फोन नाही केला तरी चालेल असं वाटायचं. चौदा महिने मी काय बघत होतो, आई?"

"माझ्या जुन्या साखरेची सरासरी," बाई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं हे फार कोरडं झालं. "जेवलास का?"

घरी आल्यावर बाईंनी एक जाड वही उघडली आणि पहिल्या पानावर रकाने आखले. डॉ. शेटे यांनी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दवाखान्याची मागची खोली दिली. ज्यांच्याकडे सोमिरा होता त्यांना बोलावणं गेलं. आधी फोनवर आकडा घ्यायचा, लगेच बोटातून रक्त घ्यायचं, मग मालकाची परवानगी असेल तरच तस्नीमनं फोन उघडायचा. बरेच जण नको म्हणाले. एकदा उघडला की सोमिरा वापरणाऱ्यांना विम्यात मिळणारी सवलत जाते ही भीती होती. तरी पंधरा दिवसांत एकतीस फोन उघडले गेले. एकोणीसमध्ये तोच हिरवा पापुद्रा निघाला.

कारण तस्नीमनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. सोमिरा पातळ करण्यासाठी संवेदकाची पट्टी वितळवलेल्या धातूचा डाख देऊन जोडलेली नव्हती, वीज वाहणाऱ्या डिंकानं चिकटवलेली होती. आणि खिडकीभोवती घाम अडवणारी रबराची कडी बसवायला जागाच ठेवली नव्हती. तळहाताचा घाम त्या फटीतून आत झिरपायचा आणि वर्षभरात जोड खाऊन टाकायचा. त्याच कंपनीचं आधीचं मॉडेल निम्म्या किमतीचं आणि जाडजूड होतं. त्यात डाख होता, कडीही होती. असे सहा जुने फोन आले आणि सहाही ठणठणीत निघाले.

"म्हणजे लोकांनी दुप्पट किंमत मोजली ती पातळपणाला," डॉ. शेटे म्हणाले.

"आणि तो पातळपणा झाकायला वरून अंदाज," तस्नीम म्हणाली.

बटाट्याचा व्हिडिओ तिनंच टाकला. बाईंचा फोन, बाटलीच्या झाकणातला संवेदक, ओली चकती आणि 'छान चाललंय, सुमती!' दोन दिवसांत तो राज्यभर फिरला. लोक टोमॅटो, साबण, भिजवलेले पोहे टेकवून आपापले आकडे टाकू लागले. कंपनीनं निवेदन काढलं नाही. आठवडाभरानं एक अद्ययावत आवृत्ती मात्र सगळ्या फोनमध्ये आपोआप उतरली. तस्नीमनं लगेच चकती टेकवून बघितली. 'कृपया बोट ठेवा,' फोन म्हणाला.

"बटाटा ओळखायला शिकवलं त्यांनी याला," ती म्हणाली.

बाईंनी अंगठा टेकवला. त्या फोनमध्ये अजूनही संवेदक नव्हता. दोनशे चार. तस्नीमनं वहीत बघितलं, सोमवारी प्रयोगशाळेत रक्तातून आलेला आकडा दोनशे सात होता. त्या दोघींना हा योगायोग वाटला नाही, पण त्याचा अर्थ त्यांना शुक्रवारपर्यंत लागला नाही.

शुक्रवारी सकाळी भूपाल खराडे आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, सांगलीहून बंगळुरूला जाणारी खासगी बस चालवणारा. साखर आणि इन्सुलिन दोन्ही दहा वर्षं जुनं. त्याच्या मालकानं गेल्या वर्षी साखर असलेल्या सगळ्या चालकांना सोमिरा दिले होते. गाडीची किल्ली मिळण्याआधी खिडकीवर अंगठा टेकवावा लागे. आकडा हिरवा आला तरच गाडी, असा नियम.

"माझा बरोबर असणार बघा," तो म्हणाला. "मी कधी चक्कर येऊन पडलो नाही."

फोननं एकशे चौसष्ट दाखवले. रक्तातून एकशे अडुसष्ट आले.

"झालं?" भूपाल खूश होऊन उठला. "चार-पाचचा फरक काय, चालायचंच. चांगला निघाला माझा."

बाईंनी वहीत आकडे लिहिले, पण पेन खाली ठेवलं नाही. "भूपालराव, याआधी रक्त कधी तपासलं होतं?"

"परवाच की. मालक महिन्याला एकदा तपासून घेतात. विम्याला लागतं."

"आणि तो अहवाल कुठं जातो?"

"कुठं म्हणजे... आरोग्य-नोंदणीत आपोआप चढतो. फोनला जोडलेली असते ना ती."

तस्नीमनं वर बघितलं. "उघडू का, दादा?"

तो थोडा घुटमळला. मग त्यानं मान हलवली. पाटी तापली, डिंक सुटला, पाठ निघाली. भिंगाची गरजसुद्धा नव्हती. हिरवा डाग नुसत्या डोळ्यांना दिसत होता. तस्नीमनं तार जोडली आणि नोंदवही उघडली. अंदाज अकरा महिन्यांपासून सुरू होता. दर महिन्याच्या तपासणीनंतर एक नवी ओळ होती, 'बाह्य अहवालानुसार अंदाज दुरुस्त.'

बाईंच्या लक्षात सगळं एकदम आलं. फोन कोणतीच साखर मोजत नव्हता. तो प्रयोगशाळेचा अहवाल वाचून पाठ करत होता आणि पुढच्या अहवालापर्यंत तेच थोडं इकडेतिकडे करून म्हणून दाखवत होता. दर महिन्याला कोणी पडताळून बघितलं तर तो बरोबर ठरणार होता, कारण पडताळणीच त्याला शिकवत होती. आणि आता कोणताही ग्राहक, कोणतंही न्यायालय दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघायला गेलं, तर ते जुळणार होते.

"मधल्या दिवसांत?" डॉ. शेटे दारात उभे राहून ऐकत होते. "इन्सुलिन घेतलं आणि जेवण चुकलं, साखर पन्नासवर आली, तर?"

"तर फोन हिरवं पान दाखवेल," तस्नीम म्हणाली.

भूपालनं आपला उघडा पडलेला फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. त्याचा चेहरा उतरला होता. गेल्या महिन्यात तुमकूरच्या अलीकडे त्याला दरदरून घाम सुटला होता, हात कापले होते. फोननं एकशे त्रेपन्न सांगितले म्हणून त्यानं गाडी थांबवली नव्हती. हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, घरीही नाही. आत्ता सांगितलं.

बाहेर रस्त्यावर एका बसनं हॉर्न दिला. भूपालनं खिशातून दुसरा, साधा बटणांचा फोन काढला, पण नंबर लावला नाही.

"आमच्या मालकाकडं साखरवाले बावीस ड्रायव्हर आहेत, बाई," तो म्हणाला. "सगळ्यांकडं हाच फोन. आत्ता त्यातले चौदा-पंधरा रस्त्यावर असतील, प्रत्येकाच्या मागं चाळीस माणसं. मी मालकाला फोन करून गाड्या थांबवा म्हणालो, तर तो म्हणेल, सगळ्यांचे आकडे हिरवे आहेत आणि प्रयोगशाळेशी जुळतात. मग मी त्याला काय दाखवू?"